फुकट प्राणिसंग्रहालयाची वैरण कोण घालतं?

सेंट लुईस, मिसूरी
रविवार

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

इथल्या फॉरेस्ट पार्क या मोठ्या बागेतल्या प्राणिसंग्रहालयाचे फोटो घरी सगळ्यांनी पाहिले, पण "दारावर तिकीट नाही, मग हत्तींना वैरण कोण घालतं?" हा प्रश्न तुमचाच आला. पुणे महापालिकेच्या उद्यान खात्यात नोकरी झालेल्या माणसाला आधी हेच सुचणार. फोनवर सांगायला बसलो तर मध्ये तुम्ही दहा शंका काढाल, आणि त्या रास्तच असतील. म्हणून आकड्यांसकट लिहून पाठवतो.

थोडक्यात उत्तर असं की वैरण घरपट्टीतून येते. सेंट लुईस शहर आणि त्याला लागून असलेली सेंट लुईस काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) इथल्या मालमत्ताधारकांच्या बिलात शाळा, वाचनालय, अग्निशमन यांच्याबरोबर 'झू-म्युझियम डिस्ट्रिक्ट' अशी एक वेगळी ओळ असते. ही ओळ तिथे कशी आली, ते कळल्याशिवाय हे प्राणिसंग्रहालय कळत नाही.

१९०४ साली फॉरेस्ट पार्कात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्यासाठी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेनं पक्ष्यांचा एक प्रचंड पिंजरा उभारला. लांबी २२८ फूट, रुंदी ८४, उंची ५०, आणि माणसांनी आत शिरून पक्ष्यांमधून चालत जायचं, अशी रचना. प्रदर्शन संपल्यावर तो वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात हलवायचा बेत होता. सेंट लुईसकरांना तो सोडवेना, म्हणून शहरानं तो जागच्या जागी ३,५०० डॉलरना विकत घेतला. तो अजून उभा आहे. २००३ साली आत सायप्रस वृक्षांच्या दलदलीची मांडणी केली, तेव्हापासून मिसिसिपीच्या खोऱ्यातले बगळे, बदकं तुमच्या पायाखालच्या लाकडी पुलाखालून फिरतात. याच प्रदर्शनात फिलिपिन्समधून आणलेल्या इगोरोत लोकांच्या वस्त्या करून माणसंही बघायला ठेवली होती. त्या पिंजऱ्याचं कौतुक सांगताना ही गोष्ट वगळणं मला बरोबर वाटत नाही.

पिंजरा हाती आला, तरी संस्था उभी राहायला दहा-बारा वर्षं गेली. १९१० साली नागरिकांनी प्राणिसंस्था काढली. १९१३ साली बागेतली ७७ एकर जागा राखून ठेवली गेली. आणि १९१६ साली मतदान घेऊन शहरानं प्राणिसंग्रहालयासाठी स्वतंत्र कर लावून घेतला. दर होता डॉलरमागे एक पंचमांश मिल. मिल म्हणजे सेंटचा दहावा भाग. थोडक्यात, १०० डॉलर करपात्र मूल्यावर २ सेंट. रक्कम क्षुल्लक, पण ती या एकाच कामासाठी बांधलेली होती. अंदाजपत्रकाच्या वेळी रस्ते, गटारं आणि सिंह यांची एकाच थाळीवर ओढाताण होणार नाही, अशी तजवीज पहिल्यापासून केली गेली. पेशवे पार्क प्राणिसंग्रहालयाच्या काळात दर मार्चला काय चालायचं हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्याच वर्षी शाळांतल्या मुलांनी एक-एक सेंट गोळा करून एक हत्तीण विकत घेतली. वर्गणी जमली २,३८५ डॉलर आणि हत्तिणीचं नाव ठेवलं मिस जिम. करासाठी मोठ्यांचं मत आणि हत्तिणीसाठी मुलांची नाणी, दोन्ही एकाच वर्षातलं. पुढच्या शंभर वर्षांत प्राणिसंग्रहालयाचा प्रश्न मतपेटीपर्यंत गेला तेव्हा "हे आमचं आहे" म्हणणारी पिढी आधीच तयार होती, ती अशी.

अस्वलांच्या गुहा १९२१च्या. त्या मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण बांधकामात तुम्हाला रस आहे. जर्मनीत हॅगेनबेक यांनी हॅम्बुर्गजवळ १९०७ साली गज काढून टाकून खंदकाची पद्धत आणली होती. तीच इथे घेतली. शहराच्या दक्षिणेला मिसिसिपीच्या काठी हर्क्युलेनियम गावाजवळ चुनखडीचे उंच कडे आहेत. त्या कड्यांचे साचे काढले आणि त्यावरून काँक्रीटचे कडे ओतले. त्यामुळे दगडाचे थर, भेगा, खाचा सगळं मूळ कड्यावरचं उतरलं आहे. प्रेक्षक आणि अस्वल यांच्यामध्ये फक्त खंदक. समोरून बघताना तो दिसतही नाही.

ही पद्धत प्रेक्षकांसाठी उत्तम ठरली, अस्वलांसाठी अर्धीच. अस्वलाला माती उकरायला लागते, ओंडके उलटे करायला लागतात, आणि काँक्रीट उकरता येत नाही. शिवाय इथला उन्हाळा पुण्याच्या एप्रिलसारखा आणि हिवाळा शून्याच्या खाली. उन्हात काँक्रीट तापतं, थंडीत भेगांतल्या पाण्याचा बर्फ होऊन फुगतो आणि भेग रुंदावतो. दर वसंतात डागडुजी आलीच. अखेर जुन्या गुहांच्या जागी टप्प्याटप्प्यानं नवीन आवारं आली. २०१५ साली ध्रुवीय अस्वलासाठी ४०,००० चौरस फुटांचं, २०१७ साली ग्रिझलींसाठी. आता माती आहे, झाडं आहेत, वाहतं पाणी आहे.

पण खंदकाचं मोल काय होतं, ते फेब्रुवारी २०२३ मध्ये सगळ्या शहराला कळलं. बेन नावाचं एक अँडियन अस्वल आहे. दक्षिण अमेरिकेतली ही जात, डोळ्यांभोवती चष्म्यासारखे फिकट पट्टे असतात आणि झाडावर चढण्यात पटाईत. वजन साधारण १२७ किलो. त्याचं आवार खंदकाचं नव्हतं, पोलादी जाळीचं होतं. ७ फेब्रुवारीला सकाळी, लोक आत येण्याआधी, त्यानं बाहेरच्या दारावरची जाळी उचकटली आणि तो बाहेर आला. दुरुस्ती म्हणून जाळी चौकटीला स्टेनलेस स्टीलच्या क्लिपांनी बांधली. एकेक क्लिप ४५० पौंड, म्हणजे सुमारे २०० किलो ताण सोसेल अशी. २३ फेब्रुवारीला भर दुपारी त्यानं त्याही सोडवल्या. प्रेक्षकांना जवळच्या इमारतींत घेतलं, बेनला भुलीचं इंजेक्शन देऊन तासाभराच्या आत परत नेलं, कुणाला इजा झाली नाही. मग त्याला टेक्सासमधल्या ब्राउन्सविलच्या प्राणिसंग्रहालयात पाठवलं, कारण तिथे अस्वलांच्या आवाराला खंदक आहे.

माझ्या मते यातला धडा कुठल्याही बागेला लागू आहे. क्लिपवर लिहिलेला ताण हा सरळ, एकदाच दिलेल्या ओढीचा असतो. अस्वल सरळ ओढत नाही. ते नखं अडकवून पिळतं, हलवतं, सोडतं, पुन्हा पिळतं, आणि त्याच्याकडे दिवसभर वेळ असतो. एक क्लिप गेली की तिचा भार शेजारणीवर येतो. जाळीचं आवार तपासताना ताराची जाडी सगळे बघतात. सांधे, कड्या आणि चौकट रोज हातानं हलवून बघणारा माणूस हवा.

मधल्या काळातली दोन माणसं तुम्हाला माहीत असावीत. जॉर्ज व्हीअरहेलर यांनी जवळजवळ चाळीस वर्षं हे प्राणिसंग्रहालय चालवलं आणि १९६२ साली निवृत्त झाले. त्यांनी गर्दी खेचली ती चिंपांझींच्या, सिंहांच्या, हत्तींच्या खेळांनी. चिंपांझी कपडे घालून घोड्यावर बसत. लोकांना ते फार आवडे आणि संस्थेचं नाव देशभर झालं, पण प्राण्यांच्या बाबतीत ते चुकीचं होतं. त्यासाठी पिल्लांना आईपासून लवकर तोडावं लागे आणि अशी वाढलेली पिल्लं पुढे आपल्याच कळपात रुळत नसत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते खेळ बंद झाले. दुसरे मार्लिन पर्किन्स. १९२६ साली ते इथे रस्ते झाडायच्या कामावर लागले, मग सापांच्या विभागाचे प्रमुख झाले, बाहेरच्या दोन प्राणिसंग्रहालयांत काम करून १९६२ साली संचालक म्हणून परत आले. पुढच्याच वर्षी दूरदर्शनवर वन्यजीवांचा कार्यक्रम सुरू करून ते अमेरिकेच्या घराघरांत पोचले.

आता हिशेबाचा खरा भाग. सेंट लुईस शहरानं १८७६ साली स्वतःला काउंटीपासून तोडून घेतलं होतं, हद्द तेव्हाच गोठली. १९५० साली शहराची लोकसंख्या ८,५६,७९६ होती. त्यानंतर महामार्ग झाले, उपनगरं वाढली, आधी गोरा मध्यमवर्ग आणि मग ज्यांना परवडेल ते सगळे हद्दीबाहेर गेले. १९७० साली ६,२२,२३६ उरले. २०२० साली ३,०१,५७८. शहर रिकामं झालं तशी घरपट्टी आटली, पण हत्ती तेवढेच खात होते. शिवाय बघायला येणारे बहुतेक आता काउंटीत राहत होते आणि त्यांच्याकडून एक सेंटही येत नव्हता.

यावर तोडगा म्हणजे झू-म्युझियम डिस्ट्रिक्ट. राज्यानं कायदा केला, १९७१ साली शहर आणि काउंटी दोन्हीकडे मतदान झालं, आणि १९७२पासून दोन्हीकडच्या मालमत्तांवर एकच कर सुरू झाला. सुरुवातीला त्यात प्राणिसंग्रहालय, कलासंग्रहालय आणि विज्ञान संग्रहालय होतं. १९८०च्या दशकात वनस्पती उद्यान आणि इतिहास संग्रहालय आलं. प्राणिसंग्रहालयाचा कारभार बघणाऱ्या कमिशनवर निम्मे सभासद शहराचा महापौर नेमतो, निम्मे काउंटीचा प्रमुख. पैसा थेट तिकडे जातो, महापालिकेच्या तिजोरीतून फिरून येत नाही. तुम्ही ज्याला 'वर्ग करणे' म्हणायचे आणि ज्यात सहा महिने जायचे, ते इथे नाहीच.

दर बघा. प्राणिसंग्रहालयाच्या वाट्याची कमाल मर्यादा १०० डॉलर करपात्र मूल्याला ८ सेंट. मिसूरीत राहत्या घराचं करपात्र मूल्य बाजारभावाच्या १९ टक्के धरतात. घर २ लाख डॉलरचं असेल तर करपात्र मूल्य ३८,०००. त्याला ३८० गुणिले ८ सेंट, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त ३० डॉलर ४० सेंट. प्रत्यक्षात याहून कमी बसतो, कारण घरांच्या किमती एकदम वाढल्या की दर खाली आणावा लागतो, असा राज्याचा नियम आहे. मोटारगाडीवरही इथे मालमत्ता कर आहे, त्यातही ही ओळ असते. भाडेकरू तो भाड्यातून देतो, त्याला बिल दिसत नाही एवढंच. इतर बऱ्याच मोठ्या शहरांत चौघांच्या कुटुंबाची प्राणिसंग्रहालयाची एक फेरी याहून महाग पडते.

या पद्धतीतही अडचण आहेच. कमाल दर ठरलेला, मूल्य वाढलं की दर घटणार, पण पगार, औषधं, वीज, गवताच्या गासड्या यांचे भाव थांबत नाहीत. म्हणून नवीन बांधकामं बहुतेक देणगीतून होतात आणि आवारांना कंपन्यांची किंवा घराण्यांची नावं दिसतात. देणगीदाराला ध्रुवीय अस्वलाच्या तलावावर नाव हवं असतं. जमिनीखालच्या पाइपवर आणि बॉयलरवर नाव लावायला कोणी पुढे येत नाही. ते काम करानंच करायचं. मला ही वाटणी पटते. नवं बांधायला उत्साह पुरतो, बांधलेलं रोज चालवायला बांधील पैसाच लागतो.

आणि सगळंच फुकट नाही हेही सांगतो. प्रवेश फुकट, पण त्यांच्या वाहनतळावर गाडी लावायला पैसे, छोट्या आगगाडीला तिकीट, समुद्रसिंहांच्या खेळाला तिकीट, खाणं महाग. हिवाळ्यातल्या रोषणाईच्या संध्याकाळी तिकिटाच्या. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानं बागेतल्या रस्त्यावर फुकट गाडी लावावी किंवा मेट्रोलिंक या शहर रेल्वेनं किंवा बसनं यावं, घरचे डबे आणावेत, आणि सगळे प्राणी बघून जावं. कोणी अडवत नाही.

मुंबईत २०१७ साली राणीच्या बागेचं तिकीट ५ रुपयांवरून ५० केलं तेव्हा चौघांच्या कुटुंबाला १०० रुपये ठेवले होते. महापालिकेची बाजूही खोटी नव्हती, पेंग्विनांना थंड ठेवायला वीज लागते. पण तिकीट आलं की माणसाची चाल बदलते. पैसे दिलेत तर सगळं बघायलाच हवं म्हणून दुपारच्या उन्हात पोरांना ओढत नेतात. इथे लोक तासाभरासाठी येतात. कामावर जाण्याआधी एक फेरी मारणारे निवृत्त लोक आहेत, बाबागाडी घेऊन फक्त पेंग्विन बघून परत जाणाऱ्या आया आहेत, शाळा सुटल्यावर येणारी पोरं आहेत. शहराची वस्ती ३ लाख आणि वर्षाकाठी येणारे लोक जवळपास ३० लाख. फुकटचा तोटाही आहे. वसंतातल्या पहिल्या उबदार शनिवारी सगळं शहर एकदम लोटतं, दहाच्या आत वाहनतळ भरतो आणि शेजारच्या डॉगटाउन वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये गाड्यांची रांग लागते. तिथल्या रहिवाशांनी शतकभर हे सोसलंय.

दुसरी तक्रार न्यायाची आहे. कर भरतात शहर आणि काउंटी, पण बघायला शेजारच्या सेंट चार्ल्स काउंटीतून, जेफरसन काउंटीतून, नदीपलीकडे इलिनॉयमधून सगळे येतात. त्यांनी का भरू नये? २०१७ साली राज्यानं प्राणिसंग्रहालयासाठी विक्रीकर लावायची मुभा दिली, पण तो प्रत्यक्षात आला फक्त सेंट लुईस काउंटीत. नोव्हेंबर २०१८च्या मतदानात तो संमत झाला. दर डॉलरमागे एक अष्टमांश सेंट, म्हणजे १०० डॉलरच्या खरेदीवर साडेबारा सेंट. या पैशातून काउंटीच्या उत्तर टोकाला स्पॅनिश लेक भागात ४२५ एकरांचं दुसरं केंद्र उभं राहतंय. जागा पाइप बसवणाऱ्या कामगारांच्या संघटनेची होती, ७१ लाख डॉलरना घेतली. मोठ्या कळपांना तिथे चरायला आणि पिल्लं वाढवायला जागा मिळेल. फॉरेस्ट पार्कात सगळं मिळून ९० एकर, तिथे काळविटाचा मोठा कळप ठेवताच येत नाही. नव्या केंद्रात मात्र तिकीट असणार, काउंटीच्या रहिवाशांना सवलतीत. उत्तर काउंटीतून गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत दुकानं गेली, कारखाने गेले, वस्ती मुख्यतः काळ्या लोकांची आहे आणि नवी गुंतवणूक तिकडे सहसा वळत नाही. प्राणिसंग्रहालय तिकडे गेलं याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र त्याच लोकांना दारावर पैसे मोजावे लागणार, हे शंभर वर्षांच्या रिवाजाला सोडून आहे, आणि ते मला पटलेलं नाही.

आता वैरण खाणाऱ्यांकडे वळतो. इथे आशियाई हत्ती आहेत, आपलेच. राजा, राणी, प्रिया अशी नावं या कळपात ऐकू यायची. राजा २७ डिसेंबर १९९२चा, या प्राणिसंग्रहालयात जन्मलेला पहिला आशियाई हत्ती. पिल्लू असताना त्याला बघायला लोटलेली मुलं आज आपली मुलं घेऊन येतात.

माहूत मात्र नाही. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांत माणूस आणि हत्ती एका आवारात सहसा मोकळे उभे राहत नाहीत, मध्ये मजबूत गजांचा अडसर असतो. अंकुश नाही. लांब काठीच्या टोकाला एक गोळा असतो. हत्तीनं त्याला सोंड, कपाळ किंवा पाय लावला की लगेच फळाचा तुकडा मिळतो. असं करत करत हत्ती पाय उचलून गजांमधल्या खिडकीत ठेवायला शिकतो. मग पाय धुणं, तळव्याची वाढलेली कातडी कापणं, नखं कानशीनं घासणं, भेगांत खडे अडकलेत का बघणं. हत्ती नको असेल तर निघून जाऊ शकतो, त्याला शिक्षा नाही. पायांची एवढी काळजी का, तर बंदिस्त हत्ती बऱ्याचदा पायांच्या दुखण्यानं जातात. कडक फरशी, ओल, कमी चालणं आणि तीन-साडेतीन टनांचं वजन. नखाला चीर गेली की घाण आत जाते, गळू होतं, ते हाडापर्यंत उतरलं की इलाज उरत नाही. म्हणून आता रात्रीच्या निवाऱ्यातही जाड वाळूची जमीन करतात, हत्तीला आडवं होऊन झोपताही येतं.

क्षयाची तपासणी कशी करतात तेही लिहितो, कारण हे मोठ्या पिचकारीचं काम तुम्हाला आवडेल. इथली प्रचलित पद्धत अशी: ६० मिलि निर्जंतुक सलाइन एका नाकपुडीत सोडायचं, हत्तीनं सोंड वर धरून ठेवायची म्हणजे पाणी आतवर जातं, मग सोंड खाली करून स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत फुंकायचं. हे एका आठवड्यात तीन वेगवेगळ्या दिवशी. शक्यतो सकाळी, खाण्यापिण्याच्या आधी. घोटाळा दोन ठिकाणी होतो. एक तर सोंडेतली माती आणि तिच्यातले इतर जंतू नमुन्यात वाढून क्षयाचे जंतू झाकून टाकतात. दुसरं म्हणजे आजारी हत्तीही रोज जंतू बाहेर टाकतोच असं नाही, म्हणून तीन नमुने स्वच्छ आले तरी निर्धास्त होता येत नाही, रक्ताचीही चाचणी करतात. लहान हत्तींना वेगळीच धास्ती असते. हत्तींचा हर्पिस विषाणू साधारण एक ते आठ वर्षांच्या पिल्लांना गाठतो, रक्तवाहिन्या फुटतात आणि एक-दोन दिवसांत पिल्लू जातं. लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून पिल्लांचं रक्त नेमानं तपासायचं आणि विषाणू वाढताना दिसला की लगेच औषध आणि सलाइन सुरू करायचं. पिल्लानं कान पुढे करून सुई टोचू द्यावी, याची सवय त्यासाठीच आधीपासून लावलेली असते.

हत्तीपेक्षाही मला अभिमान वाटतो तो सापघराच्या तळघरातल्या कामाचा. मिसूरीच्या दक्षिणेला ओझार्कच्या डोंगरात थंड, स्वच्छ नद्या आहेत. त्यात हेलबेंडर नावाचा चपटा, सुरकुतलेला, दोन फुटांपर्यंत वाढणारा उभयचर राहतो. दिवसभर मोठ्या दगडाखाली, रात्री बाहेर येऊन खेकड्यासारखे क्रेफिश खातो. तो श्वास घेतो कातडीतून, म्हणून पाणी थंड आणि वाहतं लागतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. नद्यांत गाळ येऊन दगडाखालच्या पोकळ्या बुजल्या, कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी आली, चोरून पकडून विकणारे आले, आणि ओझार्कची जात तीन-चतुर्थांशाहून जास्त घटली. पकडलेल्यांत तर प्रजनन होईचना.

प्राणिसंग्रहालयानं आणि राज्याच्या वनखात्यानं मिळून कृत्रिम ओढे बांधले. तळघरात वातानुकूलित, आणि बाहेर मोकळ्यावर ४० फूट लांब, ६ फूट खोल असे दोन. तळाला नदीतली वाळू-खडी, मोठे दगड, आणि घरट्यासाठी बोगद्यासारख्या तोंडाच्या पेट्या. झाकण उघडून आत बघता येतं. पाण्याचं तापमान ऋतूप्रमाणे वर-खाली करायचं, पाण्यातले क्षारही नदीच्या पाण्याशी जुळवायचे, कारण फलन शरीराबाहेर, पाण्यातच होतं. पाणी चुकलं की अंडी निघतात पण फळत नाहीत. नर पेटी धरून बसतो, मादी आत येऊन माळेसारखी अंडी घालते आणि निघून जाते, राखण नर करतो. २०११ साली इथे जगात पहिल्यांदा या जातीची पैदास माणसाच्या देखरेखीखाली झाली. अंडी बाहेर काढली की मेलेलं प्रत्येक अंडं चिमट्यानं वेचावं लागतं, नाहीतर त्यावरची बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यावर चढते. पिल्लं काही वर्षं वाढवून, कातडीखाली खुणेची चिप घालून नदीत सोडतात. आतापर्यंत हजारो सोडली. बघायला येणाऱ्या बहुतेकांना हा प्राणी चिखलाच्या गोळ्यासारखा दिसतो आणि ते दोन सेकंदांत पुढे जातात. तिकिटावर चालणाऱ्या संस्थेला असल्या प्राण्यावर एवढा खर्च करताना दहादा विचार करावा लागला असता.

असंच काम मेलेली जनावरं पुरणाऱ्या एका नारिंगी-काळ्या किड्याचं आहे. २०१२पासून तो पश्चिम मिसूरीच्या गवताळ रानात परत सोडतात. जमिनीत खड्डा करायचा, त्यात मेलेला लावा पक्षी ठेवायचा, एक नर आणि एक मादी सोडायची, माती लोटायची, वरून जाळी ठोकायची, नाहीतर रात्रीत कोल्हे लावा उकरून नेतात. मग काही दिवसांनी थोडे खड्डे उघडून अळ्या धरल्यात का बघायचं.

तुम्ही आणि काकू ऑक्टोबरात येताय तेव्हा आधी टेकडीवरची जुनी वास्तू बघू: १९२५ ते १९३०च्या दरम्यानची माकडघर, सापघर आणि पक्षिघर, आणि १९०४चा पिंजरा. हत्ती सकाळी लवकर बघायचे, ऊन चढण्याआधी ते जास्त हालचाल करतात. काकूंच्या गुडघ्यांसाठी आगगाडी आहे. बागेत पलीकडेच कलासंग्रहालय आहे, तेही याच करावर आणि तेही फुकट. ते दुपारसाठी ठेवू. शनिवार टाळू.

एक काम तुमच्याकडून हवं आहे. कात्रजला हत्ती होते तेव्हा त्यांच्या पायांना तिथले माहूत काय लावायचे, नखं किती दिवसांनी कापायचे आणि रात्री कसल्या जमिनीवर ठेवायचे, हे तुमच्या जुन्या सहकाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. इथे हत्तींकडे काम करणाऱ्या एकीनं विचारलंय, आणि तिला ऐकीव नको, बघितलेलं हवंय.

काकूंना आणि आजीला नमस्कार, चिन्मयला आशीर्वाद.

कळावे,
आपला,
श्रीधर